प्रवेशाची वही

बारावीच्या परीक्षा संपून उन्हाळा लागला, म्हणजे ज्या घरांत कॉलेजांत जाणारें मूल असतें त्या घराला एका नव्याच विवंचनेचे वेध लागतात. झोपाळ्यावर बसलेले आजोबा, कचेरींतून परतलेले काका, माहेरपणाला आलेली आत्या, सर्वांच्या तोंडीं एकच विषय असतो: मुलाला गुण किती पडतील, आणि प्रवेश कोठें मिळेल? चर्चा पुष्कळ होते. परंतु त्याच घरांत, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला ह्या क्षणीं नेमका कोणत्या कपाटांत आहे, असें विचारलें तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. गुणांची काळजी सर्वांना, कागदांची कोणालाच नाहीं, असा प्रकार आमच्या पाहण्यांत वारंवार येतो. चांगलें हुशार मूल गुणांवांचून नव्हे, तर एखाद्या कागदावांचून किंवा एखाद्या चुकलेल्या तारखेमुळें मागें राहावें, ह्यासारखी चुटपूट लावणारी गोष्ट दुसरी नाहीं. म्हणून ह्या महिन्यांत हाच विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वी कॉलेजचा प्रवेश ही केवढी साधी गोष्ट होती, असें घरोघरचीं वडील माणसें सांगतात. गुणपत्रक घेऊन प्राचार्यांना भेटावें, फी भरावी आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गांत बसावें. त्याहूनहि मागें गेलें तर एका पत्रावर प्रवेश मिळाल्याचें उदाहरण आपल्या डोळ्यांपुढें आहे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेंत गेल्या, तेव्हां त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. त्याच वर्षीच्या जून महिन्यांत त्यांनीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठीं पत्र लिहिलें, आपलें तोंवरचें शिक्षण आणि आपला हेतु त्यांत मोकळेपणानें सांगितला, आणि १८८६ सालीं त्या तेथूनच डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. तें पत्र आजहि जपून ठेविलेलें आहे. गोपाळरावांचें पाठबळ त्यांना किती होतें हें सर्वश्रुत आहे. परंतु तें पत्र लिहिण्याच्या वेळीं गोपाळराव हिंदुस्थानांत होते, आणि अर्ज आनंदीबाईंनीं स्वतः केला होता. काळ कितीहि बदलला तरी ही एक गोष्ट आजच्या विद्यार्थ्यानें त्या पत्रापासून घेण्यासारखी आहे.

आजची रीत मात्र निराळी आहे. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक शाखांचे प्रवेश आपल्या राज्यांत राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत केंद्रीभूत पद्धतीनें होतात. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांमधील प्रवेश आणि शुल्क यांचें नियमन करणारा कायदाहि राज्यानें २०१५ सालीं केला. नोंदणी, कागदांची तपासणी, कच्ची गुणवत्ता-यादी, हरकती, पक्की यादी, पसंतीक्रम, जागावाटप, जागेचा स्वीकार आणि शेवटीं कॉलेजांतील हजेरी, अशा ह्या प्रवेशाच्या नऊ पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला तिची स्वतःची मुदत आहे. कित्येकांना हा केवळ खटाटोप वाटतो. आम्हांला तसें वाटत नाहीं. साऱ्या राज्यांतील मुलें एका यादींत उभीं राहतात, ती यादी सर्वांना पाहतां येते, आणि ओळखीच्या माणसाची चिठ्ठी तेथें उपयोगी पडत नाहीं, हा लाभ लहान नव्हे. परंतु यंत्राला भीड नसते, तशी दयाहि नसते. ठरलेली वेळ टळली कीं खिडकी बंद होते. मग अर्जदार किती गुणवान आहे हें ती पाहत नाहीं. ह्या न्यायाची किंमत व्यवस्थितपणानेंच मोजावी लागते.

आतां हा व्यवस्थितपणा घरांत बिघडतो कोठें, तें पाहूं. एकत्र कुटुंबांत मदतीला माणसें पुष्कळ, हें खरोखरच भाग्य आहे. तथापि जेथें सगळेच कारभारी, तेथें जबाबदार कोणीच नाहीं, असा बारभाईंचा कारभार ह्या कामांत हटकून होतो. नोंदणी थोरल्या काकांनीं कचेरींत बसून केलेली असते. पासवर्ड आतेभावानें ठरविलेला असतो, आणि तो बंगळूरला असतो. ओटीपी जातो आजोबांच्या मोबाइलवर, आणि आजोबा तर चार दिवसांसाठीं गाणगापूरला गेलेले असतात. मूळ गुणपत्रक बँकेच्या कामासाठीं बाहेर काढलेलें असतें, तें परत पेटींत गेलेलेंच नसतें. प्रत्येकानें जें केलें तें प्रेमानेंच केलें. परंतु शेवटच्या संध्याकाळीं सर्वांचा संताप निघतो तो त्या मुलावर, किंवा त्याच्या आईवर.

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, ह्या कामाचा धनी एकच असावा, आणि तो स्वतः विद्यार्थी असावा. "त्याला अभ्यास आहे, हें ओझें त्याच्यावर कशाला?" असें पुष्कळ माउल्या म्हणतील. परंतु दर रविवारीं अर्धा तास दिला तर हें काम होण्यासारखें आहे. अभ्यासाला त्यानें कांहीं बाध येत नाहीं. शिवाय ज्या मुलाला आपण दोन महिन्यांनीं परगांवच्या वसतिगृहांत एकटें ठेवणार, त्याला आपला स्वतःचा अर्ज सांभाळतां येऊं नये हें ठीक नव्हे. वडीलधाऱ्यांनीं हात आखडावा असा ह्याचा अर्थ मुळींच नाहीं. एकानें सरकारी दाखल्यांचें काम अंगावर घ्यावें, दुसऱ्यानें पैशाचें. आणि प्रत्येकानें आपलें काम झालें कीं विद्यार्थ्याला सांगावें. विद्यार्थ्यानें तें वहींत टिपावें. विद्यार्थ्याला न सांगतां त्याच्या अर्जाला कोणींहि हात लावूं नये, एवढा एक दंडक घरांत पाळला तरी निम्मा घोटाळा टळेल. नोंदणीसाठीं मोबाइल क्रमांक द्यावयाचा तो विद्यार्थ्याचा किंवा त्याच्या आईचा द्यावा, आणि प्रवेश पुरा होईपर्यंत तो क्रमांक बदलूं नये.

दुसरें सांगणें वहीचें. एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. सुटे कागद, मोबाइलमधील टिपणें, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरील खुणा, हीं सर्व साधनें चांगलीं. परंतु त्यांतील एकहि सगळें एका जागीं दाखवीत नाहीं. वहींत प्रत्येक दारासाठीं एक पान ठेवावें. आज अशीं दारें एकाच वेळीं अनेक उघडीं असतात. अभियांत्रिकीसाठीं जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदां होते, राज्याची सीईटी निराळी, वैद्यकीसाठीं नीट, केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीवर्गांसाठीं २०२२ सालापासून सीयूईटी, शिवाय कांहीं कॉलेजें व विद्यापीठें स्वतःचे अर्ज मागवितात, तें वेगळेंच. पानावर पांच रकाने आंखावे: काम कोणतें, शेवटची तारीख कोणती, आपली तारीख कोणती, काम झालें कीं नाहीं, आणि पावतीचा किंवा अर्जाचा क्रमांक काय. ह्यांतील "आपली तारीख" हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. ती शेवटच्या तारखेच्या निदान चार दिवस आधींची असावी; आणि घरांत बोलतांना हीच तारीख बोलावी. शेवटच्या दिवशीं संकेतस्थळ मंद चालतें, वीज जाते, पैसे खात्यांतून जातात पण पावती येत नाहीं. हे प्रसंग चार दिवस आधीं आले तर त्यांवर उपाय करण्यास अवसर मिळतो. प्रत्येक पावती छापून त्याच पानाला चिकटवावी. पासवर्डहि वहींत लिहावे, मात्र मग ती वही कुलपांत ठेवावी.

तिसरें सांगणें कागदांचें. दहावी आणि बारावीचीं गुणपत्रकें, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जन्माचा दाखला, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, प्रवेशपरीक्षेचें गुणपत्रक आणि छायाचित्रें, एवढें तर बहुतेकांना लागतें. ह्यांपैकीं कांहीं कागद हातांत असतात, कांहीं सरकारांतून मिळवावे लागतात. जे मिळवावे लागतात त्यांचा विचार निकालानंतर करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. अधिवासाचा दाखला परीक्षेच्या आधींच काढून ठेवावा. तो 'आपले सरकार' ह्या संकेतस्थळावरून किंवा जवळच्या सेतु केंद्रांतून मागतां येतो, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें अशा दाखल्यांना मुदत बांधून दिलेली आहे. परंतु जून महिन्यांत सगळा जिल्हा एकदम तेथें लोटतो, हें ध्यानांत ठेवावें.

येथें एका दाखल्याविषयीं विशेष सांगितलें पाहिजे, कारण त्याबद्दल पुष्कळ घरांत गैरसमज आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीं १० टक्के जागा २०१९ सालच्या घटनादुरुस्तीनें राखल्या गेल्या. ज्या कुटुंबांना दुसरें आरक्षण लागू नाहीं आणि ज्यांचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे, त्यांना ह्याचा लाभ घेतां येतो. केंद्राच्या दाखल्यासाठीं शेती व घर यांच्या मर्यादाहि पाहतात. हा दाखला कायमचा नसून त्या त्या आर्थिक वर्षापुरता असतो. आय. आय. टी. आणि एन. आय. टी. यांच्या प्रवेशाला तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर दिलेला असावा लागतो. केंद्राचा नमुना वेगळा आणि राज्याचा वेगळा, हेंहि विसरतां कामा नये. गेल्या वर्षीं थोरल्या मुलाच्या वेळीं काढलेला दाखला घरांत आहे, म्हणून धाकट्या मुलीच्या वेळीं निश्चिंत राहणें धोक्याचें आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत नवा अर्ज करावा.

कागद गोळा झाले कीं ते एकदां शेजारीं शेजारीं मांडून त्यांवरचीं नांवें ताडून पाहावीं. हें काम आजीआजोबांनीं आवडीनें करण्यासारखें आहे, कारण त्यांच्याइतकी बारीक नजर आणि सवड दुसऱ्या कोणाला नसते. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनांव आधीं येतें, आधारवर बहुधा शेवटीं. कोठें वडिलांचें नांव पुरें असतें, कोठें केवळ आद्याक्षर. इंग्रजींत "दीक्षित" एकीकडे एका तऱ्हेनें लिहिलेलें आणि दुसरीकडे दुसऱ्या तऱ्हेनें. क्रमाच्या फरकानें सहसा अडत नाहीं. परंतु अक्षरांचा, जन्मतारखेचा किंवा आईच्या नांवाचा फरक आयत्या वेळीं अडवितो, आणि तो सुधारण्यास आठवडेच्या आठवडे जातात. ज्या घरांत मूल अद्यापि नववीत आहे, त्यांनीं दहावीचा बोर्डाचा अर्ज भरण्यापूर्वींच हें ताडून घ्यावें. पुढचे सगळे कागद त्या एका नांवावर उभे राहतात. नंतर मूळ कागदांची एक पिशवी, झेरॉक्स प्रतींची दुसरी, आणि स्कॅन केलेल्या प्रतींचा संगणकांत एक संच, असे तीन संच करावे. मूळ कागदांच्या पिशवींतून कांहीं बाहेर काढलें तर वहीच्या शेवटच्या पानावर नोंद करावी: कोणीं, केव्हां, कशासाठीं.

एवढ्यापर्यंत जें सांगितलें तें हिशेबाचें काम झालें. तें वेळेवर उरकण्याचा आमचा आग्रह आहे, तो पुढील एका कामासाठीं. तें काम म्हणजे पसंतीक्रम. अभियांत्रिकीच्या प्रवेशांत विद्यार्थ्याला तीनशेपर्यंत पसंत्या लिहितां येतात. कॉलेज आणि शाखा यांची प्रत्येक जोडी ही एक पसंती. ज्या घरांत कागदांचीच धांदल चालू असते, तेथें ही यादी शेवटच्या रात्रीं, शेजारच्या मुलाची पाहून, किंवा नेट कॅफेंतील माणसाच्या सल्ल्यानें भरली जाते. ज्या यादीवर मुलाचीं चार वर्षें, आणि कदाचित् सारें आयुष्य, अवलंबून आहे, ती चार मिनिटांत लिहिली जावी, हें आम्हांला फार खेदाचें वाटतें.

ह्या यादीबद्दल दोन गोष्टी सर्वांनीं समजून घ्याव्या. पहिली अशी कीं, जागावाटप गुणानुक्रमें होतें. एकेका विद्यार्थ्याची पाळी आली कीं त्याची यादी वरून खालीं वाचली जाते, आणि त्याला मिळूं शकणारी जी पहिली मोकळी जागा असेल ती त्याला दिली जाते. म्हणून अवघड कॉलेज वर लिहिल्यानें खालचें सोपें कॉलेज हातचें जात नाहीं. उलट भीतीनें सोपें वर लिहिलें तर तेंच पदरीं पडतें, आणि मनांतलें राहून जातें. दुसरी गोष्ट बंधनाची. २०२५ सालच्या अभियांत्रिकी प्रवेशांत पहिल्या फेरींत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरींत पहिल्या तिहींपैकीं, आणि तिसऱ्या फेरींत पहिल्या सहांपैकीं जागा मिळाली, तर ती घेणें भाग होतें. पुढच्या फेऱ्यांची वाट बंद होत असे. तेव्हां यादीच्या शिरोभागीं "असूं द्या" म्हणून एकहि नांव लिहूं नये. असे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका विद्यार्थ्यानें आणि एका वडील माणसानें, दोघांनींहि, पहिल्या पानापासून वाचावी.

यादी करण्यासाठीं घरानें दोन बैठका कराव्या. पहिल्या बैठकींत मुलानें बोलावें आणि वडिलांनीं ऐकावें. समजा, मुलीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकावयाची आहे आणि काकांचें मत संगणकाच्या बाजूचें आहे. काकांनीं आपलें मत दुसऱ्या बैठकीपर्यंत राखून ठेवावें. पहिल्या बैठकींत तिला एवढेंच विचारावें कीं, हें तुला कां आवडतें, तूं त्याविषयीं काय वाचलेंस, कोणाला भेटलीस. दुसऱ्या बैठकींत वडिलांनीं बोलावें, आणि प्रथम पैशाविषयीं बोलावें. फी किती झेपेल, वसतिगृहाचा खर्च किती, कर्ज काढावें लागेल काय, हें मुलांपासून लपवून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. मग जागा मिळते, मूल आनंदानें नाचतें, आणि तेव्हां त्याला सांगण्यांत येतें कीं, एवढी फी आपल्याला परवडणार नाहीं. हें दुःख देण्याचें कांहींच कारण नसतें. आंकडा आधीं सांगितला तर मूल आपली यादी त्या बेतानेंच करतें. सतरा वर्षांच्या मुलांना घरची परिस्थिति आपण समजतों त्याहून अधिक कळत असते.

एका घरांत दोन मुलें एकाच वर्षीं कॉलेजांत जाणारीं असलीं, तर दोन वह्या आणि दोन पिशव्या कराव्या. चुलत भावंडांचीं कामें एकत्र केलीं कीं ज्याचे गुण अधिक त्याच्याकडे सगळें लक्ष जातें. आणि एक मुलगा व एक मुलगी असली, तर मुलीचे कागद "मागाहून पाहूं" ह्या सदरांत पडतात. कोणाचा हा हेतु नसतो, तरी तें घडतें. तिची स्वतःची वही असली म्हणजे तिची तारीख दुसऱ्याच्या तारखेखालीं दबून जात नाहीं.

जागा मिळाल्यावर काम संपलें असें समजूं नये. तिचा स्वीकार ठरलेल्या मुदतींत करावा लागतो, आणि मूळ कागदांसह कॉलेजांत हजर व्हावें लागतें. ती मुदत टळली तर मिळालेली जागाहि जाते. म्हणून त्या आठवड्यांत लग्नकार्याला किंवा यात्रेला जाण्याचा बेत करूं नये. कॉलेजनें मूळ गुणपत्रकें व दाखले तपासून परत द्यावे, ते अडकवून ठेवूं नयेत, असें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं जाहीर केलेलें आहे. हें पालकांना ठाऊक असावें. कोणताहि मूळ कागद देतांना त्याची पोंच मागून घ्यावी.

इतकें करूनहि मनासारखी जागा मिळेलच असें नाहीं. गुण कमी पडतात, जागा थोड्या असतात. परंतु सर्व कांहीं वेळेवर आणि विचारानें केलें असतां जें मिळतें, तें मूल शांतपणें स्वीकारतें, आणि "तुमच्यामुळें झालें" असें म्हणण्याची पाळी घरांत कोणावर येत नाहीं. प्रवेश पुरा झाल्यावर ती वही रद्दींत टाकूं नये. पासवर्डाचें पान तेवढें फाडावें, आणि वही दोन वर्षांनीं बारावीला बसणाऱ्या धाकट्या भावंडाच्या स्वाधीन करावी. तारखा व नियम बदललेले असतील. परंतु कोणता कागद कोठून मिळाला, किती दिवस लागले आणि कोठें अडलें, हें त्याला घरच्याच माणसाच्या हातचें लिहिलेलें मिळेल. एकत्र कुटुंबांत राहण्याचा हाहि एक लाभ आहे, आणि तो आमच्या वाचकांनीं अवश्य घ्यावा.